सुरमईची साक्ष

वादळ येणार हे आमच्या घरात पहिल्यांदा सांगितलं ते हवामान खात्यानं नाही, ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, गुरुवार, सकाळचे साडेआठ. पप्पा दुकानाच्या किल्ल्या शोधत होते, आई पोहे परतत होती, ताई डबा भरत होती आणि मी फोनवर होतो. मी मुलगी आहे, पण कोल्हापुरात आम्ही पोरी पण 'आलो, गेलो'च म्हणतो, तेव्हा पुढं वाचताना गडबडू नका.

पप्पा कुठलाही फोन स्पीकरवरच टाकतात. त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

"नमस्कार. जरा अडचण आलीय," तिकडून आवाज आला. शांत, सावकाश, रत्नागिरीकडचा. "समुद्रात वादळ तयार होतंय. रविवारी आम्हाला निघता येईल असं वाटत नाही. आठवडाभर पुढे ढकलूया का?"

रविवारी ताईचा साखरपुडा होता. राजारामपुरीतच, आमच्या घरापासनं चालत पाच मिनिटांवरचा छोटा हॉल. ताईची अबोली साडी इस्त्रीहून येऊन कपाटाच्या दाराला लटकत होती.

पप्पांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. मी पण बघितलं. समोरच्या क्लासच्या बोर्डाची सावली रस्त्यावर कात्रीनं कापून ठेवल्यासारखी पडलीती. झाडाचं एक पान हलत नव्हतं. एक रिक्षावाला तोंडावर टॉवेल टाकून मागच्या सीटवर झोपलाता.

"वादळ," पप्पा म्हणाले. "कुठं?"

"अरबी समुद्रात."

"मग ते समुद्रात हाय की. तुम्ही जमिनीवरनं येणार हायसा."

मग ते म्हणाले, "घर कौलारू आहे. बाग आहे. भावाच्या होड्या वर ओढायच्यात. अशा वेळी घरातले सगळे पुरुष घाट चढून वर आले तर इकडे कोण बघणार?"

"बरं. बघतो, कळवतो," म्हणून पप्पांनी फोन ठेवला आणि आईकडं बघितलं. आईनं गॅस बंद केला. ताईनं डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, परत लावलं.

"आजी आजारी हाय, त्याच्यासारखंच झालं हे," पप्पा म्हणाले.

आता हे आजीचं काय, ते सांगायला पाहिजे, न्हायतर आमचं घर उगंच संशयी वाटेल. दोन वर्षांमागं ताईचं एक स्थळ ठरतच आलंतं. सुपारी फुटायची तेवढी राहिलीती. मग एक दिवस त्यांचा फोन आला की आजीला बरं नाही, थोडं थांबूया. आम्ही थांबलो. आई आजीसाठी देवाला नारळ बोलली. आणि पंधरा दिवसांनी मला फोनवर त्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटो दिसले, दुसऱ्या मुलीबरोबर. पहिल्या रांगेत आजी बसलीती. चांगली ठणठणीत, हातात आईस्क्रीमची वाटी.

ते फोटो ताईला मीच दाखवलेते. दाखवायला नको होते असं नंतर वाटलं, पण तोपर्यंत दाखवून झालंतं. माझं नेहमी असंच होतं. बोट आधी चालतं.

तेव्हापासनं आमच्या घरात कुणी काही पुढं ढकलूया म्हटलं की सगळ्यांना ती आईस्क्रीमची वाटी दिसते.

हे नवीन स्थळ आमच्या आत्तीनं आणलेलं. आत्ती म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, मलकापूरला दिलेली. मलकापूर बरोबर मधे, आम्ही एका बाजूला आणि आंबा घाट उतरला की पलीकडं ते. मुलगा रत्नागिरीत नोकरीला आणि घर खाडीच्या तोंडाशी एका गावात. तीन वेळा भेटणं झालंतं. तिसऱ्या वेळी त्यानं ताईला कोकम आगळाची बाटली आणून दिली आणि वर म्हणाला, "हे गोड नाहीये हां, तोंड वाकडं होईल." ताई त्या दिवशी घरी येऊन सारखी हसत होती. बाटली तिनं फ्रीजमध्ये मागं लपवून ठेवली, मला हात लावू देत नव्हती. तेव्हाच मला कळलं की हिला हा आवडलाय.

म्हणून तर मी कामाला लागलो. या वेळी आपली फसवणूक व्हायला द्यायची नाही.

तासाभरात मी घरचं हवामान खातं झालो. वाऱ्याची दोन ॲपं घेतली. एकात समुद्रावर जांभळा भोवरा गरागरा फिरत होता. आमचं कोल्हापूर निवांत हिरवं. भोवऱ्याच्या पुढं एक तुटक रेघ होती, वादळ कुठं जाणार त्याची. ती रेघ किनाऱ्याला लागतच नव्हती. आपली लांबनं लांबनं वर गुजरातकडं चाललीती. दुसऱ्या ॲपात तर ती ओमानला वळलीती.

मी दोन्हीचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "वादळ रत्नागिरीला जातच नाहीये."

आत्तीचा लगेच आवाज आला. ती टाइप करत नाही, बोलूनच पाठवते. "हितं मलकापुरात कडकडीत ऊन पडलंय. मी कुरड्या वाळत घातल्यात गच्चीवर. वादळ असतं तर घातल्या असत्या व्हय मी?"

संध्याकाळी जेवताना मी हवामान खात्याचा अंदाज मोठ्यानं वाचून दाखवला. दक्षिण कोकण किनारपट्टीवर सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, मध्य महाराष्ट्रात घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी विजांसह पावसाची शक्यता.

"तुरळक म्हणजे कुठं?" पप्पांनी विचारलं.

"थोड्या ठिकाणी."

"त्यात पावण्यांचं गाव येतंय का?"

"गावाची नावं देत नाहीत हो."

"बघ. नाव द्यायचं न्हाय, म्हणजे उद्या कोण विचारायला नको. आणि शक्यता काय, शक्यता? आज रात्री आपल्या घरात हत्ती शिरण्याची बी शक्यता हाय."

"हत्तीचा अंदाज कुणी दिलेला नाही पण," ताई म्हणाली. एवढंच. ताई घराजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्ट आल्याशिवाय कशावर मत द्यायचं नाही ही तिची सवय. पण त्या रात्री जेवताना ती एक भाकरी कमी खाऊन उठली.

मी तिच्या मागं खोलीत गेलो. "काय म्हणतोय तो?"

"कौलांवर दोर टाकून बांधतोय म्हणे."

"आणि बांधता बांधता मेसेज करतोय? दोन हात दोराला असतील तर फोनला कुठला हात?"

"गप बस गं."

"फोटो माग. समुद्राचा."

ती नको नको म्हणत होती, पण मागितलाच तिनं. तिच्या मनात पण होतंच की. पाच मिनिटांनी फोटो आला, संध्याकाळी काढलेला. आम्ही दोघी डोकं लावून बघितला. समुद्र असा गप्प, सपाट, वर नारिंगी उजेड. एक लाट नाही. मी मोठा करून बघितला, कोपऱ्याकोपऱ्यातनं बघितला.

"यापेक्षा आपला रंकाळा जास्त हलतो," मी म्हटलं.

ताईनं फोन उलटा करून उशीखाली ठेवला.

आता शुक्रवार. ही कल्पना माझी होती, कुणाच्या माथी मारणार नाही. सकाळी दात घासताना मला त्या अंदाजातलं वाक्य आठवलं. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. म्हणजे समुद्र खरंच बंद असेल तर होड्या बंद. होड्या बंद तर मासे बंद. आणि आमच्या मंडईत मासे येतात कुठनं, तर कोकणातनंच. ॲप खोटं बोलेल, माणूस खोटं बोलेल, मासा कशाला खोटं बोलेल? मला हे इतकं भारी वाटलं की मी तोंड न पुसताच गाडी काढली.

मंडईत पोचलो तर पाट्या भरलेल्या. बांगडे, पापलेट, आणि मधोमध एक सुरमई, माझ्या हाताएवढी लांब, अंगावर चांदीचा वर्ख लावल्यासारखी. मासेवाली मावशी पन्नाशीची, नाकात मोठी चमकी, सुरीला धार लावत बसलीती.

"मावशी, ही कुठली?"

"रत्नागिरीची."

"नक्की?"

"न्हाय, पंचगंगेत घावली मला सकाळी," मावशी म्हणाली. "घेणार हाईस का नुसती चौकशी?"

"ताजी हाय?"

"हात लाव. कल्ला उघडून बघ, लालभडक हाय का न्हाय."

मी कल्ला काही उघडला नाही. मला पाहिजे ते मिळालंतं. मी पटापट तीन फोटो काढले. मावशीला वाईट वाटू नये म्हणून अर्धा किलो घेतली पण. पाटीपुढं उभ्या उभ्याच फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "आजची मंडई. रत्नागिरीची सुरमई. समुद्र चालू आहे." मागनं लोक ढकलत होते, तरी मी दोन्ही निळ्या टिका येईपर्यंत तिथंच थांबलो.

घरी पोचेपर्यंत काम झालंतं. आत्तीनं तो फोटो दहा जणांना पाठवलाता. आणि पप्पा, जे सकाळी दुकान उघडायच्या वेळेला कधी घरी नसतात, ते खुर्चीत बसून फोन लावत होते. स्पीकर चालू.

"नमस्कार," तिकडून आवाज आला. मागं कुणीतरी ठोकाठोकी करत होतं.

"काय पावणं, वादळ आलं का?"

"उद्यापर्यंत येईल म्हणतायत. वारा सुटलाय थोडा."

"असं. न्हाय, म्हटलं, तुमची सुरमई आली कोल्हापूरला. माणसंच तेवढी येईनात."

तिकडची ठोकाठोकी थांबली. म्हणजे ठोकणाऱ्यानं पण ऐकलं. तो मुलगाच असणार, हे मला त्याच क्षणी कळलं आणि हातातली माशाची पिशवी एकदम गार लागायला लागली.

"काय म्हणालात?" सासरे म्हणाले.

"समुद्र बंद हाय म्हणता, आणि मासं तर येतंय. आमची पोरगी आत्ता बघून आली मंडईत. आमचं एवढंच म्हणणं हाय, काय असंल ते तोंडावर सांगा. आम्ही काय धरून बांधून लगीन करणार न्हाय. आजी आजारी, समुद्र आजारी, असलं आम्ही एकदा ऐकून बसलोय."

मग ते पहिल्यासारखंच सावकाश म्हणाले, "तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं." आणि फोन बंद झाला.

ताई दारात उभी होती. लॅबचा पांढरा कोट हातावर. तिनं कोट घातला, चपला घातल्या आणि कुणाकडं न बघता जिना उतरली.

"बघितलंस?" पप्पा आईला म्हणाले. "खरं असतं तर भांडला असता माणूस. गप का बसला?"

सुरमई आईनं फ्रीजरमध्ये टाकली. ती त्या दिवशी कुणी केली नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही. शेवटी शेजारच्या काकूंकडं गेली.

शनिवारी दुपारी आमच्याकडं आभाळ आलं. काळं नाही, पिवळट, मळक्या काचेसारखं. मग वारा. दुकानांचे फ्लेक्स फाटून तारांवर जाऊन बसले, लाइट गेली, आली, परत गेली. पाऊस आडवा, पण तासाभरात संपला. पप्पा गॅलरीत उभं राहून म्हणाले, "एवढंच? याला वादळ म्हणतात व्हय?"

मी आत बसून ॲप बघत होतो. तुटक रेघ अजून लांबच होती, समुद्रातच. पण आता मी पहिल्यांदा भोवऱ्याकडं नीट बघितलं. रेघ बारीक होती, भोवरा केवढातरी मोठा. त्याची जांभळी कड सगळ्या किनाऱ्यावरनं पसरलीती. दोन दिवस मी नुसती रेघच बघत होतो.

ताईनं त्याला मेसेज केले. एकच टिक. फोन लावला तर संपर्कक्षेत्राबाहेर. तिच्या सासऱ्यांचा पण, सासूचा पण.

"बंद करून ठेवलेत फोन," पप्पा म्हणाले.

"तिघांनी एकदम?" आईनं विचारलं.

"ठरवून केल्यावर एकदमच करत्यात."

मला पण तसंच वाटत होतं, निदान वाटून घ्यायचं होतं. कारण फोन ठरवून बंद केले नसतील तर काय, हा विचार माझ्याच्यानं पुढं जात नव्हता.

रविवार उजाडला. साखरपुड्याचा दिवस. हॉलवाल्याला आधीच नको म्हणून सांगितलंतं. अबोली साडी तशीच लटकत होती, येता जाता तिचा पदर सगळ्यांच्या खांद्याला लागत होता. दहाच्या सुमाराला आत्तीचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. "दादा, माझ्या कुरड्या सगळ्या उडून गेल्या. घाटात झाडं पडल्यात म्हणं. खालनं एक बी एस्टी वर आलेली न्हाय कालपासनं."

मी गाडी काढली आणि परत मंडईत गेलो. का गेलो मला सांगता येणार नाही. बहुतेक पाट्या रिकाम्या बघायच्या होत्या. रस्ता बंद, एस्टी बंद, मग आज तरी मासे नसणार.

पाट्या भरलेल्या होत्या. तीच मावशी, तीच सुरी.

"ही कुठली?" मी सुरमईवर बोट ठेवलं.

"रत्नागिरीची. परवा बी तेच विचारलंस की तू."

"मावशी, घाट बंद हाय कालपासनं. मग आली कशी?"

"आज कुठं आल्या? या बुधवारी आल्यात. बर्फात हायत."

"बुधवारी?"

"मग. वादळ येतंय म्हणून सोमवार-मंगळवारी सांगावा गेला, सगळ्या होड्या एकदम माघारी फिरल्या. एरवी निम्म्या समुद्रात असतात, निम्म्या किनाऱ्याला. आता सगळ्या एकाच वेळी किनाऱ्याला लागल्यावर ढीग पडणारच की माशाचा. गाड्या भरभरून वर आला माल. आता यातनंच आठवडा काढायचा. पुढचा कधी येतोय देवाला म्हाईत." ती सुरी पुसत माझ्याकडं बघत होती. "वादळाच्या आधी मासा जास्तच येतो, बाई. तुला कोण सांगितलं येत न्हाय म्हणून?"

कुणी सांगितलं नव्हतं. मी मावशीला विचारलं होतं, कुठला. विचारलं होतं, ताजा का. कधीचा, हे विचारलंच नव्हतं.

मासे आले म्हणून वादळ नाही, असं मी सगळ्या खानदानाला कळवलंतं. आणि मासे आलेते वादळ येतंय म्हणूनच.

घरी आलो. एरवी असलं काही कळलं की जिन्यातच टाइप करून होतं माझं. त्या दिवशी फोन खिशातनं काढला नाही. ताई गच्चीवर होती, पाण्याच्या टाकीला टेकून. मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो पण थोडं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्याकडं सॅम्पलवर तारीख नसली तर आम्ही ते घेतच नाही. परत पाठवतो."

"चुकलं माझं."

"मला काय सांगतीस? पप्पांना सांग. फोन त्यांनी केला." तिनं टाकीवरनं पाठ काढली. "कौलं बांधत होता तो, आणि तू मला म्हणालीस फोनला कुठला हात त्याला. आणि मी ऐकलं तुझं."

पप्पांना सांगितलं तर ते आधी म्हणाले, "मासेवाली खोटं बोलत असंल."

"ती खोटं, पावणं खोटं, हवामान खातं खोटं," आई म्हणाली. गेल्या चार दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलली. "जगात आपणच तेवढं खरं, व्हय?"

पप्पा जेवायला बसले आणि वरणात मीठ जास्त झालंय की कमी, यावर पण काही बोलले नाहीत.

त्यानंतरचे दोन दिवस ताई लॅबमधनं आली की फोन टेबलावर ठेवायची आणि त्याच्याकडं न बघता बसायची. मेसेजवर एकच टिक. पप्पा दिवसातनं चार वेळा तिन्ही नंबर लावून बघायचे. स्पीकर बंद करून. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

बुधवारी मी दुकानात बसलोतो. पप्पांचं झेरॉक्सचं दुकान, क्लासच्या पोरांची गर्दी. पप्पांचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"उचलू नको," पप्पा मशीनवरनं म्हणाले. "कंपनीचा असतोय."

मी उचलला.

"मी बोलतोय," तिकडून आवाज आला. सावकाश. "दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. आमच्याकडे टॉवर पडलाय, वीज नाही शनिवारपासून. आज रत्नागिरीला आलो तेव्हा रेंज मिळाली. तुझ्या ताईला सांग, सगळे सुखरूप आहोत. त्याच्या हाताला थोडं लागलंय, कौल पडलं. पण बरा आहे."

"काका, ती सुरमई मी बघितलीती," मी म्हटलं. "फोटो मीच टाकला. मासे वादळामुळंच जास्त आलते, मला माहीत नव्हतं. पप्पांची चूक नाही, माझी आहे."

ते मग म्हणाले, "वडील आहेत का तिथे?"

मी फोन पप्पांपुढं धरला. पप्पांनी हात पँटला पुसले. आता माफी मागतील असं मला वाटलं, पण पप्पांना ते येत नाही. ते म्हणाले, "पावणं, कौलं हायत का जाग्यावर?"

"निम्मी."

"आणि बाग?"

"चार झाडं गेली."

"बरं," पप्पा म्हणाले. "बरं." मशीनमधनं कागद बाहेर पडत होते, कुणी उचलत नव्हतं.

"साखरपुडा इकडेच करूया," ते म्हणाले. "रविवारी या सगळे. डोळ्यांनी बघून जा काय ते."

शेवटचं वाक्य त्यांनी मऊच म्हटलं, पण लागायचं तिथं लागलं. पप्पांनी मान हलवली, जणू समोरच्याला दिसणार आहे.

रविवारी आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. निघताना पप्पांनी टपावर एक मोठी निळी ताडपत्री आणि दोरीचं भेंडोळं बांधून घेतलं. आईनं विचारलं, हे कशाला. "रस्त्यात पाऊस आला तर आपल्यालाच लागंल," म्हणाले. गाडीला टप होता, काचा होत्या.

मलकापूरला आत्ती चढली. घाट सुरू झाला तशी रस्त्याच्या कडेला झाडं दिसायला लागली, कापून बाजूला सारलेली. पप्पा काचेतनं बघत होते.

"हे जुनं पडलेलं दिसतंय," ते म्हणाले.

"दादा, पानं हिरवी हायत की अजून त्याची," आत्ती म्हणाली.

पुढच्या झाडाला पप्पा काही म्हणाले नाहीत. त्याच्या पुढच्याला पण. घाट उतरून खाली गेल्यावर खांब आडवे, तारा शेतात, एका शाळेचे पत्रे आंब्याच्या झाडात अडकलेले. ताई अबोली साडीत माझ्याशेजारी बसलीती.

घर खाडीच्या वरच्या अंगाला. निम्म्या छपरातनं आभाळ दिसत होतं. अंगणात फुटक्या कौलांचा ढीग, आणि खाली किनाऱ्यावर होड्या, माडाच्या बुंध्याला बांधलेल्या, एकमेकींना टेकून. तो बाहेर आला. उजव्या हाताला पट्टी. ताईनं आधी पट्टीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"टाके किती?" तिनं विचारलं.

"पाच."

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं?"

"घेतलं."

"कधी?"

त्यानं वार सांगितला. ताईनं मान हलवली. त्यांचं एवढंच बोलणं झालं, पण ती मान हलवताना हसत होती हे मी बघितलं.

पप्पा आणि सासरे समोरासमोर उभे होते. दोघांनाही हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. मग पप्पा ड्रायव्हरला म्हणाले, "ती ताडपत्री काढ खाली." आणि सासऱ्यांना, "शिडी हाय का?" पुढचा अर्धा तास दोन व्याही छपरावर होते, एक दोरी ओढतोय, एक गाठ मारतोय, आणि गाठ कशी मारायची यावरनं दोघांचं तिथंच वर भांडण चाललंतं. आई खाली उभी राहून म्हणाली, "आता झालं यांचं नीट."

मग साखरपुडा झाला, निळ्या ताडपत्रीखाली. सगळ्यांची तोंडं निळी दिसत होती. सासूबाईंनी ताईची ओटी भरली, साखर हातावर ठेवली. अंगठी त्यानं डाव्या हातानं घातली, दोनदा निसटली.

जेवायला डाळ, भात, फणसाची भाजी, आमसुलाची कढी. सासूबाई पप्पांना वाढताना म्हणाल्या, "मासे नाहीत हो आज. होड्या अजून पाण्यात गेल्या नाहीत. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि कोकणात येऊन डाळभात."

पप्पा काही म्हणायच्या आत सासरे भात कालवत, वर न बघता म्हणाले, "अगं, त्यांना काय कमी आहे. सुरमई कोल्हापूरला मिळते."

आत्तीचा घास हातात. पप्पांनी पानातल्या फणसाच्या भाजीकडं बघितलं.

"मिळते," पप्पा म्हणाले. "पण बर्फातली असती."

पहिल्यांदा सासरेच हसले. मग पप्पा. मग ते परत फणसाच्या भाजीकडं वळले आणि दोनदा मागून घेतली.

जेवणानंतर ताईनं मला बोलावलं. ती आणि तो ओट्यावर बसलेते, मागं तुटक्या कौलांचा ढीग, त्याच्या पलीकडं समुद्र, परत तसाच सपाट, गप्प. मी आता त्या सपाट समुद्रावर काडीचा विश्वास ठेवत नाही.

"आमचा फोटो काढ," ताई म्हणाली. "पण कुणाला पाठवू नको."

"रेंजच नाहीये."

"आली तरी."

मी फोटो काढला आणि फोन खिशात ठेवला. घाट चढून वर आल्यावर, मलकापूरच्या अलीकडं, रेंज आली आणि ग्रुपवरचे चाळीस मेसेज एकदम वाजले, सगळे विचारत होते काय झालं, काय झालं. मी ताईकडं बघितलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपलीती. मी फोन बंद केला.